साम्यनिर्देशांक आणि ऋणनिर्देश : लोककलांच्या संशोधनातील नीतिशिक्षणाचा प्रश्न

१. प्रास्ताविक

मुंबई-गोवा महामार्गावरून रत्नागिरी शहराकडे जाणारा रस्ता जेथे फुटतो, ते ठिकाण हातखंब्याचा तिठा म्हणून ओळखले जाते. शिमगा आणि गणेशोत्सव या दोन सणांच्या तोंडावर मुंबईचा चाकरमानी या तिठ्यावर उतरतो आणि आपापल्या वाडीची वाट धरतो. या परिसरात शिमग्याला नमन-खेळे उभे राहतात. गणपतीत जाखडीचे फेर धरले जातात. लोककला हा विद्यापीठीय अभ्यासाचा विषय म्हणून रूढ झाल्यापासून चाकरमान्याच्या पाठोपाठ संशोधक विद्यार्थीही अशा गावांकडे वळू लागला आहे. तो मराठी विभागाचा असेल, नाट्यशास्त्राचा असेल किंवा उपयोजित कला व अभिकल्प शिकवणाऱ्या एखाद्या संस्थेचाही असेल.

अशा एका विद्यार्थ्याची कल्पना करावी. तो तिठ्यावर उतरून जवळच्या एखाद्या वाडीत जातो. जाखडीचा शाहीर आपली गाण्यांची वही त्याच्यापुढे विश्वासाने उघडतो. विद्यार्थी वहीच्या पानांची छायाचित्रे घेतो, त्यातील तीस गाणी उतरवतो आणि 'लोकपरंपरेतून संकलित' अशा शीर्षकाखाली प्रबंधाच्या परिशिष्टात देतो. शाहिराचे नाव ऋणनिर्देशात इतर पंधरा नावांच्या ओळीत येते. प्रबंध साम्यतपासणीच्या संगणकीय प्रणालीतून जातो. ती तीस गाणी पूर्वी कोठेच छापलेली नसल्यामुळे प्रणालीला त्यांचे साम्य कोठेही आढळत नाही. प्रबंध स्वच्छ ठरतो. नियमाच्या दृष्टीने येथे कोणतेही वाङ्मयचौर्य झालेले नसते. शाहिराच्या दृष्टीने मात्र त्याच्या आयुष्यभराच्या रचना बिननावाच्या होऊन गेलेल्या असतात.

हे उदाहरण कल्पित असले, तरी त्यातील प्रत्येक टप्पा आजच्या संशोधनव्यवहारात शक्य आहे. संशोधक विद्यार्थ्यांना सध्या दिले जाणारे नीतिशिक्षण छापील शब्दाच्या ऋणाची चांगली जाणीव करून देते. बोललेल्या, गायलेल्या आणि नाचलेल्या कलेच्या ऋणाकडे मात्र त्याचे लक्ष जात नाही. कलाविषयक संशोधनात हे दुसरे ऋणच पहिल्याहून मोठे असते. ही उणीव कोठून येते आणि ती उपलब्ध चौकटीतच कशी भरून काढता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

२. विहित प्रशिक्षणाचे स्वरूप

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली उच्च शिक्षणसंस्थांमधील शैक्षणिक सचोटी आणि वाङ्मयचौर्यप्रतिबंध यांविषयीचे विनियम लागू केले. त्यांत साम्याच्या चार पातळ्या मानल्या आहेत. दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. दहाच्या वर चाळीस टक्क्यांपर्यंत साम्य असल्यास सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रबंध सादर करावा लागतो. चाळीसच्या वर साठ टक्क्यांपर्यंत एक वर्षाची मनाई होते आणि साठ टक्क्यांच्या पुढे नोंदणीच रद्द होते. श्रेय देऊन घेतलेली अवतरणे, संदर्भसूची, अनुक्रमणिका, प्रस्तावना आणि ऋणनिर्देश एवढा भाग या तपासणीतून वगळला आहे.

यानंतर २०१९च्या अखेरीस आयोगाने पीएच.डी.च्या पूर्वाभ्यासात 'संशोधन व प्रकाशन नीती' हा दोन श्रेयांकांचा अभ्यासक्रम अनिवार्य केला. तो तीस तासांचा असून सहा घटकांत विभागलेला आहे. तत्त्वज्ञान व नीतिशास्त्र यांना तीन तास, वैज्ञानिक आचरणाला पाच, प्रकाशननीतीला सात, मुक्त प्रकाशनाला चार, प्रकाशनातील गैरव्यवहाराला चार आणि माहितीसंच व संशोधनाची मापने यांना सात तास, अशी ही वाटणी आहे. २०२२च्या पीएच.डी.विषयक विनियमांतही हा अभ्यासक्रम कायम राहिला.

ही वाटणी पाहिली की अभ्यासक्रमाची दिशा ध्यानात येते. तीसपैकी बावीस तास प्रकाशनाशी संबंधित आहेत. हस्तलिखित नियतकालिकाकडे गेल्यावर काय करावे आणि काय टाळावे, हे विद्यार्थ्याला शिकवले जाते. फसव्या नियतकालिकांचा सुळसुळाट आणि प्रबंधांतील उसनवारी पाहता हे शिक्षण आवश्यकच होते, हे मान्य केले पाहिजे. परंतु हस्तलिखित तयार होण्यापूर्वी, एखाद्या घराच्या ओटीवर किंवा देवळाच्या सभामंडपात जे घडते, त्याच्यासाठी या अभ्यासक्रमात स्वतंत्र घटक नाही.

येथे एक विसंगती नोंदवण्याजोगी आहे. मौखिक परंपरेच्या अभ्यासकाचे सर्वांत मोठे ऋण बहुधा ऋणनिर्देशात व्यक्त होते आणि साम्यतपासणी नेमके तेच पान वगळते. तांत्रिकदृष्ट्या यात चूक नाही. तथापि ज्या पानावर विद्यार्थी आपले खरे देणे कबूल करतो ते पान तपासकाच्या दृष्टीने औपचारिक असते, ही गोष्ट एकूण व्यवस्थेचे स्वरूप दाखवून देते.

सामाजिक शास्त्रांतील आचारनियमांचा विचार महाराष्ट्रात अगदीच झाला नाही असे नाही. मुंबईच्या 'सेहत' या संस्थेच्या पुढाकाराने आरोग्यविषयक सामाजिक संशोधनासाठी २००० साली नीतितत्त्वे प्रसिद्ध झाली. पण ती आरोग्याच्या क्षेत्रापुरती होती. वैद्यकीय संशोधनातून आलेल्या अशा चौकटी कलाक्षेत्राला जशाच्या तशा लागू करता येत नाहीत, हे पुढे दिसेल.

३. 'लोक' आणि त्यांची नावे

मराठीतील लोकसाहित्याच्या संकलनाला मोठी परंपरा आहे. साने गुरुजींनी 'स्त्रीजीवन'मधून ओव्यांचे भांडार वाचकांपुढे ठेवले. सरोजिनी बाबर यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्र राज्य लोकसाहित्य समितीने संकलनाचे कार्य राज्यभर नेले. दुर्गा भागवत आणि रा. चिं. ढेरे यांनी या सामग्रीला शास्त्रीय आणि सांस्कृतिक विवेचनाची बैठक दिली. या पिढ्यांनी जे जपले ते त्यांनी जपले नसते, तर त्यातील बराच भाग आज हाती उरला नसता.

या कार्यामागे एक गृहीत होते. लोकसाहित्य हे समूहाचे असते, त्याला कर्ता नसतो, आणि गाणारी व्यक्ती ही परंपरेची केवळ वाहक असते, असे त्या काळी जगभरच्या अभ्यासकांनी मानले होते. त्यामुळे संग्रहांची मांडणी विषयानुसार होई. भाऊ-बहीण, सासर-माहेर, पंढरपूर अशा मथळ्यांखाली ओव्या येत. ती ओवी कोणत्या गावच्या कोणत्या बाईने म्हटली, हा प्रश्न गौण ठरे. त्या काळच्या संकलकांना आजच्या नियमांनी दोष देणे अनैतिहासिक होईल. मात्र त्यांची पद्धत आजच्या विद्यार्थ्याने गृहीत धरणे, हा वेगळा मुद्दा आहे.

याच महाराष्ट्रात दुसरी वाटही निर्माण झाली. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्याहून जात्यावरील ओव्यांच्या संकलनाचे जे कार्य उभे केले, त्यात ग्रामीण कार्यकर्त्या स्त्रिया स्वतः संकलक होत्या. एक लाखाहून अधिक ओव्यांचा आणि हजारांहून अधिक गावांचा हा संग्रह आहे. त्याचे वैशिष्ट्य केवळ संख्येत नाही. प्रत्येक ओवीबरोबर ती गाणारीचे नाव आणि गाव नोंदवण्याची शिस्त त्यात पाळली गेली. २०१७पासून 'पारी' या ग्रामीण पत्रकारितेच्या संग्रहातून या ओव्या प्रसिद्ध होऊ लागल्या, तेव्हा अनेक गाणाऱ्या स्त्रियांची छायाचित्रे आणि जीवनकथाही त्यांच्यासोबत आल्या. कार्यकर्ते वर्षानुवर्षांनंतर त्याच गावांत पुन्हा गेले. काही स्त्रिया भेटल्या, काही हयात नव्हत्या. पण नाव नोंदलेले होते, म्हणूनच परत जाणे शक्य झाले. श्रेयनिर्देशाची शिस्त ही अशा रीतीने संशोधनाच्या गुणवत्तेचीही शिस्त ठरते. नावाशिवायची ओवी पुन्हा तपासता येत नाही.

येथेच वैद्यकीय चौकटीची मर्यादा स्पष्ट होते. रुग्णावरील संशोधनात नाव गुप्त ठेवणे हा पहिला नियम असतो. तोच नियम कलासंशोधनाला लावला, तर साठ वर्षे गाणारा शाहीर 'माहितीदाता क्रमांक ३' होऊन बसतो. त्याचे रक्षण करण्याच्या हेतूने त्याचे कर्तेपणच पुसले जाते. उलट दिशेने पाहता, सासूच्या छळाची ओवी गाणारी स्त्री 'हे माझ्या नावावर नको' असे म्हणू शकते, आणि त्या वेळी नाव देणे हा तिच्यावर अन्याय ठरतो. कलाक्षेत्रात श्रेय आणि गोपनीयता ही दोन मूल्ये एकमेकांसमोर उभी राहतात. त्यांतून निवड करण्याचा अधिकार संशोधकाचा किंवा समितीचा नसून त्या कलावंताचा आहे, हे नीतिशिक्षणाचे पहिले सूत्र मानावे लागेल.

४. परंपरेची स्वतःची संदर्भपद्धती

लोककलेत कर्तेपणाची जाणीव नसते, या समजाला कोकणातील जाखडी हेच उत्तर आहे. पायांत घुंगरू बांधलेले नर्तक फेर धरतात. मध्यभागी ढोलकी व अन्य साथीदारांसह शाहीर असतो. शक्तीवाले आणि तुरेवाले अशा दोन पक्षांत सामना रंगतो. एक पक्ष शक्तीचे श्रेष्ठत्व मांडतो, दुसरा शिवाचे. पुराणातील कूटप्रश्न घातला जातो आणि प्रतिपक्षाने त्याचे उत्तर गाण्यातूनच द्यावयाचे असते. या सामन्यात कोणाची रचना कोणाची, हे अत्यंत महत्त्वाचे असते. रचनेच्या अखेरीस कवीची नाममुद्रा येते. गुरूचे नाव येते. कधी गावाचा आणि घराण्याचाही उल्लेख येतो. श्रोत्यांना ही नावे ओळखीची असतात, आणि दुसऱ्याची रचना आपली म्हणून गाणारा शाहीर त्यांच्या नजरेतून सुटत नाही.

विद्यापीठीय परिभाषेत सांगायचे तर ही एक संदर्भपद्धती आहे. तळटीप पानाच्या खाली येते, नाममुद्रा गाण्याच्या शेवटी येते. दोन्हींचे कार्य एकच आहे. शाहिराच्या वहीतील गाणे 'लोकपरंपरेतून संकलित' या मथळ्याखाली छापणारा विद्यार्थी केवळ एका व्यक्तीचे श्रेय डावलत नाही. त्या परंपरेने स्वतः घडवलेला नियमही तो मोडतो. जागेअभावी शेवटचे कडवे गाळून गाणे छापले, तर नाममुद्राच नाहीशी होते. संपादनातील ही साधी कात्री नीतीच्या दृष्टीने साधी राहत नाही.

अर्थात जाखडीतील कर्तेपण एकपदरी नाही. लोकप्रिय चित्रपटगीतांच्या चाली या गाण्यांत सर्रास घेतल्या जातात. कथानक पुराणातले असते, शब्द शाहिराचे असतात, फेराचे पदन्यास वाडीतल्या जाणत्यांनी बसवलेले असतात. नमन-खेळ्यांतही नमने परंपरेने आलेली असतात, संकासुराचे सोंग पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले असते, पण त्यानंतरचे वगनाट्य एखाद्या हयात लेखकाने या वर्षीच लिहिलेले असू शकते. 'हे कोणाचे?' या प्रश्नाला एकच उत्तर नसते. चाल, शब्द, कथा, पदन्यास आणि सोंग यांची स्वतंत्र चौकशी करावी लागते. 'परंपरा सर्वांची असते' हे विधान यांपैकी काही घटकांना लागू पडते, काहींना नाही. विद्यार्थ्याला हा विवेक शिकवणे, हे नीतिशिक्षण आहे तितकेच संहितासमीक्षेचेही शिक्षण आहे.

५. संमतीचे कागद आणि संमती

संशोधनापूर्वी माहिती देऊन संमती घ्यावी, हा नियम आता बहुतेक ठिकाणी मान्य आहे. तो अमलात आणण्याची रूढ रीत म्हणजे छापील अर्जावर सही. हातखंबा परिसरासारख्या महामार्गालगतच्या गावांत ही रीत किती अपुरी आहे, हे सहज लक्षात येते. चौपदरीकरणासाठी ज्या पट्ट्यात जमिनी संपादित झाल्या, तेथे कागद पुढे करून सही मागणाऱ्या परक्या माणसाकडे लोक सावधपणे पाहतात आणि त्यांचे ते पाहणे योग्यच असते. अशा ठिकाणी अर्जावरची सही विश्वासाची खूण न ठरता संशयाचे कारण ठरू शकते. ज्या वृद्ध कलावंताला अर्जाची भाषा वाचता येत नाही, त्याचा अंगठा तर संशोधकाच्या समाधानापुरताच असतो.

यावर उपाय आहे. संमती बोलीतून मागता येते आणि तिचे उत्तर ध्वनिमुद्रणाच्या आरंभीच नोंदवता येते. विद्यार्थ्याने साधारण अशा शब्दांत विचारावे : 'शाहीर, मी तुमची गाणी माझ्या अभ्यासासाठी मुद्रित करतोय. माझं पुस्तक विद्यापीठात राहील आणि कोणालाही फोनवर वाचता येईल. तुमचं नाव घालू का? कोणतं गाणं बाहेर जाऊ नये असं असेल तर आत्ताच सांगा. उद्या सांगितलंत तरी मी ते काढीन.' या चार-पाच वाक्यांत हेतू, प्रसाराची व्याप्ती, श्रेय, नकार आणि माघार हे संमतीचे पाचही घटक आलेले आहेत. त्यांपैकी प्रसाराची व्याप्ती विद्यार्थी बहुधा सांगत नाही, कारण त्यालाच ती जाणवलेली नसते. पूर्वी प्रबंध ग्रंथालयाच्या कपाटात राही. आता तो 'शोधगंगा' या राष्ट्रीय संग्रहात जातो आणि जगात कोठेही उघडतो. 'अभ्यासासाठी' दिलेली परवानगी म्हणजे जाहीर प्रसारणाची परवानगी नव्हे.

संमती कोणाची, हाही प्रश्न आहे. नमन-खेळे ही एका व्यक्तीची कला नसते. ती मंडळाची असते. शिमग्यातील तिचा संबंध ग्रामदेवतेशी, गावकीशी आणि मानकऱ्यांशी असतो. तिचे अनेक कलावंत वर्षभर मुंबईत असतात. एका गायकाने होकार दिला म्हणजे सर्वांचा होकार मिळाला, असे मानता येत नाही. गाऱ्हाणे आणि कौल यांसारखे विधी गावाच्या श्रद्धेचे असतात. त्यांचे चित्रण करावे की नाही हे गावाने ठरवावयाचे असते. मानाच्या क्रमाविषयीची माहिती तर अधिकच नाजूक असते. पालखीला पहिला खांदा कोणाचा, नारळ कोणी वाढवायचा, हे गावागावांत वादाचे विषय होऊ शकतात. एका पक्षाचे म्हणणे विद्यार्थ्याने प्रबंधात 'वस्तुस्थिती' म्हणून नोंदवले, तर उद्या तेच पान पुरावा म्हणून पुढे केले जाण्याचा धोका असतो. संशोधक पदवी घेऊन निघून जातो. वाद गावात राहतो.

या संदर्भात कायदा काय सांगतो, हेही विद्यार्थ्याला माहीत हवे. १९५७च्या लेखाधिकार कायद्यात १९९४च्या दुरुस्तीने प्रयोगकर्त्या कलावंताचे हक्क आले. कायद्याने केलेल्या व्याख्येत गायक, वादक, नर्तक यांच्याबरोबर कसरतपटू, जादूगार आणि गारुडीही आहेत; म्हणजेच लोककलावंत कायद्याच्या बाहेर नाही. २०१२च्या दुरुस्तीने त्याला आपल्या प्रयोगाशी आपले नाव जोडले जाण्याचा आणि प्रयोगाचा विपर्यास रोखण्याचा नैतिक हक्कही मिळाला. त्याच वेळी केवळ अध्यापन किंवा संशोधन यांसाठी केलेले मुद्रण हे या हक्काचे उल्लंघन मानलेले नाही. कायदा संशोधकाला एवढी मोकळीक देतो, म्हणून त्याची नैतिक जबाबदारी कमी होत नाही, ती वाढते. जेथे दंडाचे भय नसते, तेथे प्रशिक्षणाचेच काम उरते.

६. उपयोजित कला आणि अभिकल्प

शब्दप्रधान कलांपेक्षा दृश्यकलांत हा प्रश्न अधिक तीव्र होतो, कारण तेथे विद्यार्थी केवळ अभ्यास करीत नाही, नवी निर्मितीही करतो. प्रेरणा आणि उचल यांची सीमा तेथे रोज ओलांडली जाण्याची शक्यता असते.

वारली चित्रकलेचा इतिहास या बाबतीत बोधप्रद आहे. लग्नाच्या वेळी भिंतीवर चौक लिहिण्याचा विधी मूळचा सुवासिनींचा. १९७०च्या दशकाच्या आरंभी भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नांतून ही कला भिंतीवरून कागदावर आली. जिव्या सोमा मशे यांच्या प्रतिभेने तिला जगभर स्थान मिळाले. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. एका आदिवासी चित्रकाराला स्वतःच्या नावाने मान्यता मिळाली, ही यातील मोठी गोष्ट आहे. परंतु बाजारात आलेल्या या कलेत पुरुष चित्रकार पुढे आले आणि विधी करणाऱ्या स्त्रिया मागे राहिल्या, हीही वस्तुस्थिती आहे. २०१४ साली वारली चित्रांना भौगोलिक निर्देशांक मिळाला, तोवर त्यांतील त्रिकोणी मानवाकृती कापडापासून भिंतीच्या रंगापर्यंत सर्वत्र पोहोचल्या होत्या. अभिकल्पाच्या विद्यार्थ्याने 'वारली शैलीत' काम करताना आपण आकृतीबरोबर कोणाचा विधी उचलतो आहोत, हे विचारले पाहिजे.

भौगोलिक निर्देशांकाच्या मर्यादेचे उदाहरण अलीकडचे आहे. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली हा निर्देशांक महाराष्ट्र आणि कर्नाटकातील प्रत्येकी चार जिल्ह्यांसाठी मिळाला. जून २०२५मध्ये मिलान येथील प्रदर्शनात 'प्राडा' या इटालियन कंपनीने कोल्हापुरीशी उघड साम्य असलेल्या चपला मूळ कारागिरांच्या उल्लेखाशिवाय सादर केल्या. महाराष्ट्रातून आक्षेप घेतला गेल्यावर कंपनीने भारतीय परंपरेतून प्रेरणा घेतल्याचे मान्य केले. भौगोलिक निर्देशांक मुख्यतः नावाचे रक्षण करतो; 'कोल्हापुरी' हे नाव न वापरता आकार उचलला, तर त्याचा हात तेथे पोहोचणे कठीण होते. या प्रकरणाची चर्चा मोठ्या कंपनीपुरती मर्यादित ठेवून अभिकल्पाच्या वर्गाला भागणार नाही. कंपनीच्या अभिकल्पकाने जे केले, ते अनेक विद्यार्थी आपल्या सत्रान्त प्रकल्पात लहान प्रमाणावर करीत असतात : संग्रहालयात किंवा आठवडेबाजारात पाहिलेला आकार चितारायचा आणि खाली स्वतःचेच नाव घालायचे.

रत्नागिरी परिसरातील कातळशिल्पे आणखी वेगळा प्रश्न उभा करतात. येथे संमती द्यायला कलावंत हयात नाही. उक्षी, जांभरुण, कशेळी, बारसू इत्यादी स्थळांचा २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत समावेश झाला, आणि त्यांतील आकृत्या अभिकल्पाच्या विद्यार्थ्यांना आकर्षू लागणे स्वाभाविक आहे. या शिल्पांचा 'शोध' लागला असे म्हटले जाते. तथापि सड्यावर गुरे चारणाऱ्या गावकऱ्यांना त्यांतील अनेक आकृत्या आधीपासून ठाऊक होत्या आणि अभ्यासकांना तेथवर नेणारेही बहुधा तेच होते. निर्माता ज्ञात नसला, तरी जमिनीचे मालक, जपणारे आणि वाट दाखवणारे असतातच. 'शोध' या शब्दाचा कर्ता कोण, हे लिहिताना तपासणे हाही श्रेयनिर्देशच आहे.

७. प्रशिक्षणाची संभाव्य रूपरेषा

अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या जतनासाठीचा युनेस्कोचा करार २००३ सालचा आहे; भारताने तो २००५ साली स्वीकारला. त्याला अनुसरून २०१५ साली बारा नैतिक तत्त्वे मान्य करण्यात आली. वारशाच्या जतनात त्या त्या समूहाचीच भूमिका प्रमुख असावी आणि त्या वारशापासून होणाऱ्या लाभात त्यांना वाटा असावा, हा त्यांचा गाभा आहे. तत्त्वांची उणीव नाही. ती वर्गात उतरवण्याची रीत हवी आहे. विहित तीस तासांना धक्का न लावता, विभागाच्या पातळीवर पुढील पाच कृती करता येण्याजोग्या आहेत.

पहिली कृती, संमतीच्या संवादाचा सराव. क्षेत्रकार्याला जाण्यापूर्वी विद्यार्थ्याने वर्गात कलावंताच्या भूमिकेतील सहाध्यायापुढे आपला हेतू बोलीत सांगावा. समोरच्याने 'यातून मला काय मिळणार?' असे विचारावे. या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर ज्याला देता येत नाही, त्याने आपल्या संशोधनाचा पुन्हा विचार करावा.

दुसरी कृती, मुद्रणाचे नोंदपत्र. प्रत्येक ध्वनिमुद्रणासोबत गाणारा, रचनाकार, गुरू, चाल, स्थळ, दिनांक, उपस्थित व्यक्ती आणि प्रसाराची मर्यादा या बाबी नोंदवाव्यात. 'रचनाकार अज्ञात' असे लिहिण्यापूर्वी किमान तीन जाणत्यांना विचारल्याचा उल्लेख असावा.

तिसरी कृती, परिशिष्टाची शिस्त. मौखिक सामग्रीचे कर्तृत्व ऋणनिर्देशात न मिसळता, संदर्भसूचीत ग्रंथकारांच्या बरोबरीने द्यावे. शाहिराचे नाव ग्रंथकाराच्या नावाशेजारी वर्णानुक्रमाने येणे ही केवळ मांडणी नाही. ज्ञानाच्या दोन उगमांना समान मान देण्याची ती कृती आहे.

चौथी कृती, परतावा. प्रबंध सादर करण्यापूर्वी संबंधित प्रकरण कलावंतांना वाचून दाखवावे, त्यांच्या दुरुस्त्या नोंदवाव्यात आणि मुद्रणाची प्रत मंडळाला द्यावी. काही ठिकाणी बिदागी देणे उचित असते. तिच्या रकमेपेक्षा ती कशासाठी दिली, हे दोन्ही पक्षांना स्पष्ट असणे महत्त्वाचे आहे. वेळेचा आणि श्रमाचा मोबदला वेगळा, आणि हवी ती माहिती विकत घेणे वेगळे.

पाचवी कृती विशेषतः अभिकल्पाच्या आणि नाट्याच्या विद्यार्थ्यांसाठी आहे : निर्मितीची रोजनिशी. कोणता आकार, पदन्यास किंवा सोंग कोठून आले, त्यात आपण काय बदलले आणि का बदलले, याची दिनांकवार नोंद ठेवावी. प्रेरणा आणि उचल यांतील सीमा नियमाने आखता येत नाही, पण अशा नोंदीतून ती विद्यार्थ्याला स्वतःच दिसू लागते.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की इतक्या अटी घातल्या, तर पीएच.डी.ची मुदत संपेल आणि संशोधन होणारच नाही. दुसरा असा की मंडळे आज स्वतःच आपले प्रयोग यूट्यूबवर टाकतात. मग विद्यार्थ्यालाच इतके बंधन का? पहिल्या आक्षेपात तथ्य आहे. वेळ लागतो, आणि मार्गदर्शकाने विषय देतानाच तो हिशेबात धरला पाहिजे. तीन गावांऐवजी एका गावाचा नीट अभ्यास हा त्यावरचा मार्ग होय. दुसऱ्या आक्षेपाचे उत्तर असे की मंडळ स्वतः प्रयोग प्रसिद्ध करते, तेव्हा काय दाखवायचे आणि कोणाच्या नावाने दाखवायचे, हे त्यानेच ठरवलेले असते. तो निर्णय त्याचा होता, म्हणून पुढचा प्रत्येक निर्णय संशोधकाचा होत नाही.

८. समारोप

साम्यनिर्देशांकाने संशोधनव्यवहारातील एक मोठा रोग उघडकीस आणला, हे खरे आहे. त्याच्या यशामुळे एक गैरसमजही पसरला : टक्केवारी कमी म्हणजे प्रबंध प्रामाणिक. मौखिक आणि दृश्य कलांच्या क्षेत्रात परिस्थिती अनेकदा उलटी असते. जेथून सर्वाधिक घेतले, तेथेच साम्य शून्य दिसते. कारण ज्याच्याकडून घेतले त्याने ते कधी छापलेलेच नसते. हे शून्य वाचण्याची दृष्टी कोणतीही प्रणाली देऊ शकत नाही. ती मार्गदर्शकाने द्यावयाची असते.

हातखंब्याच्या तिठ्यावर उतरणाऱ्या त्या कल्पित विद्यार्थ्याकडे पुन्हा वळता येईल. शाहिराने वही उघडली, तेव्हा त्याने विद्यार्थ्याला एक प्रत दिलीच, शिवाय आपल्या गुरूपर्यंत पोहोचणारी एक नामावळीही दिली. ती नामावळी प्रबंधात पोहोचली, प्रबंधाची प्रत वाडीवर परत गेली, आणि पुढच्या गणपतीत त्याच विद्यार्थ्याला फेर पाहायला बोलावणे आले, तर त्याचे नीतिशिक्षण पुरे झाले असे म्हणता येईल. त्या बोलावण्याची नोंद कोणत्याही गुणपत्रिकेवर होणार नाही. परंतु त्याच्यानंतर त्या वाडीवर जाणाऱ्या पुढच्या विद्यार्थ्यासाठी वही उघडली जाईल की नाही, हे त्यावरच ठरणार आहे.